दोन बोटे उंची

यंदा थंडी उशिरा आली. मुंबईच्या थंडीला थंडी म्हणणे हे मुळात औदार्यच. पण परवा पहाटे स्वयंपाकघरातल्या फरशीवर पाय ठेवला, तळवा आक्रसला, आणि तिचे आगमन मी मान्य केले. खिडकीबाहेर परळचे मनोरे धुरक्यात कमरेपर्यंत बुडाले होते. लहानपणी आम्ही इथून गिरण्यांची धुराडी मोजत असू. आता बांधकामाच्या क्रेनवरचे तांबडे दिवे मोजता येतात. ते मोजले. सात होते. मग दिवाणखान्यात आलो आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकलच्या सीटखालच्या दांड्यावर हात ठेवला. धातू गार होता. गेल्या वर्षीचा अख्खा हिवाळा त्या गारठ्यातून हाताला लागला.

कोणाला हिवाळा मीठ लावलेल्या पेरूत आठवतो, कोणाला डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या स्वेटरमध्ये. मला तो एका षट्कोनी चावीत आठवतो. पाच मिलिमीटरची ॲलन की. ती अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात असते.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर आठवड्याभरात ही सायकल घरी आली. आमची मुलगी अश्विनी ठाण्याला असते. तिने ती तिच्या आईसाठी घेतली. मनगटाएवढे जाड दांडे, रुंद खाचदार टायर, पुढच्या चाकावर शॉकअप, एकवीस गियर. डोंगरात चालवायची सायकल.

“परळमध्ये डोंगर कुठे आहे?” मी विचारले.

“रस्ते बघितलेत का, बाबा? खड्डे, खोदकाम, वर त्या पेव्हर ब्लॉकच्या फटी. दुकानदार म्हणाला, नवीन शिकणाऱ्याला जाड टायरच बरे.”

“आणि डोंगराचं काय घेऊन बसलात,” माझी पत्नी नलिनी आतून म्हणाली. “बेचाळीस वर्षं एकाच्या शेजारीच राहतेय.”

नलिनी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. सायकलच्या मागच्या कॅरियरवर ती पुष्कळदा बसली असेल. सीटवर कधी बसली नव्हती. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्यांवरचा भार उतरेल, त्यासाठी सायकल चालवावी. मार्चपर्यंत फरक पडला नाही तर गुडघे बदलण्याची तारीख घ्यावी. तिच्या रक्तात साखर आहे. शस्त्रक्रिया म्हटले की अश्विनीच्या कपाळावर आठी पडत असे. नलिनीला मात्र शस्त्रक्रियेची चिंता फारशी नव्हती. तिच्या डोक्यात एकच आकडा होता. चोपन्न.

गिरगावातल्या एका वाडीत, तिसऱ्या मजल्यावर, तिची थोरली बहीण राहते. शरयूताई. वय ऐंशी. मालवणकडच्या गावातून नऊ वर्षांच्या नलिनीला या ताईंनीच मुंबईला आणले, शाळेत घातले, वाढवले, आणि त्याच दोन खोल्यांतून माझ्याबरोबर पाठवणी केली. नलिनीचे माहेर म्हणजे तो तिसरा मजला. तिथे लिफ्ट नाही. चोपन्न लाकडी पायऱ्या आहेत, अरुंद, दोन ठिकाणी वळणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून ताई खाली उतरल्या नाहीत. आणि गेल्या वर्षीच्या गणपतीत नलिनी दुसऱ्या वळणापर्यंत पोचली, तिथे बसली, आणि एकेक पायरी बसत बसत खाली आली. तिच्या साडीच्या मागे जिन्याची सगळी धूळ लागली होती. ती मी झटकली.

तेव्हापासून एक खाली येत नव्हती आणि दुसरीला वर जाता येत नव्हते. फोनचा उपयोग नव्हता. ताईंना ऐकू कमी येते आणि फोन जवळ नेला की कानातले यंत्र शीळ घालते. ताईंना समोर बसून, तोंडाकडे पाहत बोलले तर हळू बोललेलेही कळते. एरवी ओरडावे लागते. म्हणून दर रविवारी नलिनी वाडीच्या चौकात उभी राहायची, ताई वर गॅलरीच्या कठड्याशी खुर्ची ओढून बसायच्या, आणि दोघींचा संवाद साऱ्या वाडीच्या साक्षीने चालायचा. दोघी आपसांत मालवणी बोलतात.

“साकर किती इली गो?” वरून प्रश्न येई.

“एकशे सत्तर!”

“गोड खातंस!”

“नाय गो ताई!”

“खाते हो, ताई!” पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून सांगत. “आत्ताच कोपऱ्यावर पियुष पिताना बघितली मी.”

दोरीला बांधलेली पिशवी वरून खाली येई. तीत सोलकढीची बाटली किंवा खापरोळ्यांचा डबा असे. नलिनी रिकामा डबा घालून ती वर धाडी. या व्यवहाराला वाडी सरावली होती. पण सगळेच काही ओरडून सांगता येत नाही. एका रविवारी ताईंनी बोलायला तोंड उघडले, गॅलऱ्यांमधल्या माणसांकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “काय नाय. मगे सांगतंय.” परतीच्या बसमध्ये, लालबागला, नलिनी म्हणाली, “मला वर जायचंय.” ही इच्छा नव्हती. हा निर्णय होता, आणि त्यात माझे मत विचारलेले नव्हते.

मी फिटर होतो. आधी गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या एका कारखान्यात. सुट्या भागांना एकमेकांशी जुळवून घ्यायला लावणे हे माझे चाळीस वर्षांचे काम. तेव्हा सायकल घरात येताच ती नलिनीच्या मापाची करणे हा माझा विषय आहे, हे मी गृहीत धरले. कोणी आक्षेप घेतला नाही.

घरात म्हणालो ते शब्दशः. आमची चाळ पाडून उभारलेल्या या इमारतीत वाहनतळ मोटारींसाठी आहे. सायकल कुठे ठेवायची हे वॉचमनलाही ठाऊक नव्हते. सतराव्या मजल्यावर सामानाच्या लिफ्टने ती आली आणि दिवाणखान्यात राहिली. आमच्या घरात एकच नियम पक्का आहे आणि तो मी केलेला आहे. पादत्राणे उंबऱ्याबाहेर. चाळीत होतो तेव्हाही ती गॅलरीत असत. बाहेरच्या चपलांच्या मांडणीवरून सोसायटीने मला दोनदा नोटीस पाठवली. मांडणी हलली नाही. सायकलसाठी मी नियमाचा अर्थ थोडा वाढवला. ती आत घेण्यापूर्वी दोन्ही टायर ओल्या फडक्याने पुसायचे.

“पाय धुऊन घेताय तिचे,” नलिनी म्हणाली. “मला आणली तेव्हा एवढं नव्हतं केलं.”

माझ्याजवळ पोलादी फुटपट्टी होती, बारीक जाडी मोजायचा वर्नियर होता, सपाटी पाहायची लेव्हल बॉटल होती. सायकलबरोबर आलेले पुस्तक मी दोनदा वाचले. पहिल्या संध्याकाळी ब्रेकपासून सुरुवात केली. ब्रेकच्या मुठी कोण्या धिप्पाड माणसाच्या पंजाला साजेशा लांब होत्या. नलिनीची बोटे तिथवर पोचताना हँडलवरची पकड सुटत होती. मुठीत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की ती जवळ येते. किती जवळ आणायची हे ठरवण्यासाठी मी तिचा हात पट्टीवर ठेवून घेतला. मधले बोट सात सेंटिमीटर चार मिलिमीटर. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे माप मला ठाऊक नव्हते. वहीत लिहून घेतले.

“आणि करंगळी?” तिने विचारले.

“करंगळीने ब्रेक लावत नाहीत.”

मग हँडल थोडे वर आणि आत. मग सीटचा कल, लेव्हल बॉटलच्या बुडबुड्यावर नेमका. शेवटी सीटची उंची. सगळ्यांत महत्त्वाचे माप तेच. सीट खाली राहिली तर पाय पुरता उघडत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याची वाटी प्रत्येक फेऱ्याला घासली जाते. सीट नको तेवढी वर गेली तर माणूस कमरेत डुलतो. पुस्तकातली रीत सोपी होती. पेडल सर्वांत खाली न्यावे, त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मी सायकल सोफा आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट अडकवली. नलिनी अश्विनीची जुनी ट्रॅक पँट घालून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन वर बसली. टाच पेडलवर. गुडघा सरळ. मी दांड्यावर तिथे लाल टेपची पट्टी चिकटवली. काम चोख झाले होते. तेव्हा माझी तशी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानामागच्या रस्त्यावर गेलो. तिथे त्या वेळी चालणारी माणसे असतात, दुधाच्या क्रेटचा टेम्पो असतो, आणि गुलमोहराच्या बुंध्याशी शेकोटी करून बसलेले सफाई कामगार असतात. नलिनी सीटवर बसली. पायाचे अंगठे जेमतेम जमिनीला टेकले. तिने दोन्ही हातांनी माझा दंड धरला आणि सोडला नाही. अर्धा तास असाच गेला. सायकल एक हातही पुढे गेली नाही.

फ्रान्सिस तेव्हा पाव घेऊन परतत होता. तो शेजारच्या इमारतीत राहतो. वय पासष्ट, जन्म इथलाच, पूर्वी एका छापखान्यात होता. त्याची काळी सायकल त्याच्या लग्नाहून जुनी आहे. तो थांबला, पाव हँडलला अडकवला, आणि काही वेळ आम्हाला पाहत राहिला.

“परब, सीट खाली कर ना रे.”

“माप बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणजे? पडली तर मापातच पडेल का?”

“सीट खाली केली की गुडघ्यावर ताण येतो.”

“अरे, पण चालवली तर ताण येईल ना! इथे गाडी स्टँडवरच आहे.” मग नलिनीकडे वळून, “वहिनी, दोन्ही पाय पूर्ण टेकले तर बसाल?”

“बसेन.”

“झालं मग. आधी टेकू दे. मग हळूहळू वर ने.”

मला सल्ला घेण्याची सवय नाही. परंतु म्हणणे सयुक्तिक होते. मी चावी काढली आणि सीट चार बोटे खाली घेतली. पेडलेही काढली, जेणेकरून पायांना जमीन मोकळी मिळावी. डावे पेडल उलट्या आट्याचे असते. सैल करण्यासाठी घट्ट करण्याच्या दिशेने फिरवावे लागते. पहिल्या वेळी प्रत्येक जण तिथे चुकतो. मी चुकलो नाही. पुढे जे घडले त्या मानाने हा अभिमान किरकोळ होता, पण नोंदवून ठेवतो.

अशा बिनपेडलच्या सायकलवर बसून, दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत, त्रेसष्ट वर्षांची बाई रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागली. लोक पाहत. पाहणारच.

“काकू, पेडल विसरलात का?” एका चालणाऱ्याने विचारले.

“विसरले नाही हो. नवऱ्याने काढून घेतलीत. पळून जाईन म्हणून.”

आठ दिवसांनी ती पाय उचलून पाच-सहा हात तरंगू लागली. बाराव्या दिवशी मी पेडले लावली. पंधराव्या दिवशी ती चाळीस पावले एकटी गेली, आणि वळता न आल्यामुळे शेकोटीवाल्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन थांबली. ते उठून उभे राहिले. तिनेच त्यांना बसायला सांगितले. दोनदा पडली. एकदा कोपर, एकदा हनुवटी. दोन्ही वेळा मी सायकल आधी उचलली असे तिचे म्हणणे आहे. सायकल तिच्या अंगावर होती; ती आधी उचलणे क्रमाने योग्य होते.

त्या पहाटेंचे काही तुकडे अजून जागच्या जागी आहेत. डोक्याला रुमाल बांधून हँडलवर वाकलेली नलिनी. बेकरीच्या भट्टीचा वास, गल्लीच्या वळणावर नेमका भेटणारा. तिच्या तोंडातून निघणारी वाफ, जी मुंबईत वर्षातून आठ दिवसही दिसत नाही. आणि मी मागून चालताना ऐकलेला साखळीचा आवाज. सुताच्या चात्यांचा आवाज ऐकत मी तरुण झालो. यंत्र नीट चालते आहे की नाही हे मला पाहावे लागत नाही, ऐकू येते. ती साखळी नीट चालत होती.

दर रविवारी मी सीट एक बोट वर घेत असे. तिला आधी सांगत नसे. सांगितले की ती घाबरे, न सांगितले तर तिच्या लक्षातही येत नसे. संक्रांतीच्या दिवशी दांड्यावरची लाल पट्टी पकडीच्या कडेला येऊन भिडली. ठरवलेले माप गाठले. त्या दिवशी मी तिळाची एक वडी जास्त खाल्ली. आनंद याहून मोठ्याने करण्याची मला सवय नाही.

आणि इथून पुढे गुडघा दुखू लागला.

आधी उजवा, मग डावा. वाटीच्या पुढच्या बाजूला, खाली. ती पाच-सहा किलोमीटर चालवू लागली होती. जितके अंतर वाढे तितकी कळ वाढे. मी म्हणालो, सवय होईल. आठवड्याने पुन्हा म्हणालो. पुस्तक काढून पाहिले. तिथे छापले होते की गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट खाली आहे असे समजावे. मी विचार केला. सीट मापावर आहे. मापावर असलेली सीट खाली असू शकत नाही. तेव्हा दोष गुडघ्याचा. हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला. आज तो लिहून काढताना त्यातले भोक अगदी समोर दिसते. पण ज्याने स्वतः मोजले आहे त्याला आपल्याच मोजण्यावर संशय घ्यायला सांगणे फार अवघड असते. कारखान्यात दुसऱ्या कोणी घेतलेले माप मी कधी तपासल्याशिवाय स्वीकारले नाही. स्वतःचे तपासले नाही.

“सीटचंच काहीतरी आहे,” नलिनी म्हणाली.

“सीट बरोबर आहे. तू बसतेस वाकडी.”

तिने हातातला तांदळाचा डबा ओट्यावर ठेवला. तिला राग आला की ती मालवणीत जाते, आणि मालवणीत गेली की मागे येत नाही.

“गुडघो माझो आसा, तुमचो नाय! त्येका माप शिकवू नकात!”

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सायकल भिंतीला होती. चौथ्या दिवशी हँडलवर ओला टॉवेल वाळत घातलेला दिसला. यंत्र बंद पडल्याची याहून स्पष्ट खूण नाही. गिरणीतल्या बंद पडलेल्या खात्यात साच्यांवर, म्हणजे मागांवर, असेच कपडे वाळताना मी पाहिले आहेत. त्या रविवारी ती गिरगावला, चौकापर्यंतसुद्धा, गेली नाही. जिन्याच्या पायऱ्यांचे नाव घरात निघेनासे झाले.

अश्विनीचा फोन आला. “बाबा, आई म्हणते ऑपरेशन करून टाकू. तारीख घेऊ का?”

“थांब.”

“कशासाठी थांबू?”

मी फोन ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडले. सफाईवाल्या बाईंनी पॅसेज पुसला होता आणि पुसताना मांडणीतला नलिनीचा एक बूट खाली पाडला होता. सायकलसाठी अश्विनीने घेऊन दिलेला, पांढरा, फुगीर तळाचा. मी तो उचलला. परत मांडणीत ठेवण्यासाठी तळाला बोटे लावली. दोन बोटे. आडवी धरलेली माझी दोन बोटे त्या तळाच्या जाडीत पूर्ण मावली.

मी बूट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग आत जाऊन वर्नियर आणला. टाचेखाली एकतीस मिलिमीटर.

सीटचे माप मी घरात घेतले होते. घरात पादत्राण येत नाही. तिची टाच पेडलवर होती ती अनवाणी. रस्त्यावर मात्र ती हे तळ घालून बसत होती. पायाची लांबी तेवढ्याने वाढत होती, आणि सीट रोज, नेमाने, एकतीस मिलिमीटर खाली राहत होती. पुस्तक खरे सांगत होते. गुडघा खरे सांगत होता. नलिनी खरे सांगत होती. तीन दिवस टॉवेल वाळत घातलेल्या त्या सायकलपाशी मी माझा नियम घेऊन उभा होतो.

“नलिनी, बूट घाल.”

“मी कुठेही येणार नाही.”

“कुठे जायचे नाही. बूट घालून आत ये.”

ती दाराशी आली. तिने माझ्या हातातला बूट पाहिला, मग फरशी पाहिली, मग माझ्या कपाळाला हात लावला. “ताप नाही,” ती म्हणाली. “मग काय झालं?”

“आत ये.”

ती बूट घालून उंबऱ्याच्या आत आली. फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले. सायकल सोफ्याला अडकवली, ती वर बसली, पेडल खाली नेले, टाच ठेवली. गुडघा चांगलाच वाकलेला होता. कोणालाही दिसला असता.

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“काय?”

“चूक झाली. माप अनवाणी घेतले.”

“पुन्हा म्हणा.”

“तुला ऐकू आले आहे.”

“आलं. पण बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आलंय. थांबा, अश्विनीला फोन लावते, तिलाही ऐकवा.”

मी ऐकवले. अश्विनी पलीकडे बराच वेळ हसत होती. तारीख घेण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मी सीट दोन बोटे वर घेतली, लाल पट्टी सोलून काढली आणि नवी लावली. काम करताना गिरणीतला पहिला दिवस आठवला. मी अंगाने बुटका. कामाचा तुकडा आवळून धरणारा बाकावरचा शिकंजा माझ्या कोपराच्या बराच वर येत होता. आमचे उस्ताद, एक करडे गृहस्थ, पायाखाली ठेवायला फळी कापत होते. मी मापासाठी चपला काढून, मोठ्या अदबीने, उभा राहिलो. ते म्हणाले, “घाल त्या. काम काय अनवाणी करणार आहेस?” हे वाक्य मी पन्नास वर्षे बाळगून होतो आणि हवे तेव्हा ते मला सापडले नाही. शिकलेले सगळे वेळेवर हाताशी येतेच असे नाही.

त्या हिवाळ्यानंतर इमारतीत माझी एक प्रकारची ख्याती झाली आहे. चौदाव्या मजल्यावरच्या बाईंनी नवी सायकल घेतली, त्या आल्या. मग त्यांच्या नणंदा आल्या. पुस्तकात काय छापले आहे हे त्या मला मोबाइलवर दाखवतात. मी ऐकून घेतो आणि म्हणतो, ज्या कपड्यांत आणि ज्या बुटांत चालवणार ते घालून या. आल्यावर आधी सीट खाली घेतो, दोन्ही पाय पुरे टेकतील इतकी, आणि त्यांना सांगून ठेवतो की ही उंची कायमची नाही. नवशिक्याला आरंभी जमीन लागते. पण जमिनीची सवय झाली की गुडघा जातो. ती कधी काढून घ्यायची हे सायकलवर बसलेल्या माणसाला विचारून ठरवावे, एवढे मला आता कळते.

नलिनीला नवी उंची पचायला पाच दिवस लागले. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, हे तिला नव्याने शिकावे लागले. शिकली. कळ दहा दिवसांत ओसरली. पूर्ण गेली असे म्हणणार नाही. झिजलेले हाड भरून येत नाही. फेब्रुवारीत थंडी उतरली, सकाळी हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या घेऊन बायका बाजाराच्या कडेला बसू लागल्या, आणि नलिनी पुलाच्या चढावर जाऊ लागली. परळमध्ये डोंगर नाहीत, पूल आहेत. पहिल्या दिवशी ती अर्ध्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी पुढच्या दिव्याच्या खांबाशी. रोज एक खांब. मी खाली उभा राहून मोजत असे. सगळे खांब संपले त्या दिवशी ती माथ्यावर थांबली नाही, पलीकडे उतरून गेली, आणि मला वीस मिनिटे वाट पाहावी लागली. इमारतीतही ती लिफ्ट तेराव्या मजल्यावर सोडून वरचे चार मजले चढू लागली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज मी दार उघडे ठेवून ऐकत असे. आधी तो दर पायरीला दोनदा येई. मग एकदा येऊ लागला.

होळीच्या आधीच्या शनिवारी ती म्हणाली, “उद्या गिरगावला जाते.”

“मी येतो.”

“तुम्ही बसने या. माझ्याबरोबर फ्रान्सिस आहे.”

पहाटे दोघे निघाले. लालबाग, सातरस्ता, लॅमिंग्टन रोड, गिरगाव. रविवारची बस उशिरा आली आणि प्रत्येक थांब्यावर रेंगाळली. मी वाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन गॅलऱ्यांच्या वरच्या कठड्यांवर आले होते. जिन्याच्या तळाशी सायकल उभी होती, भिंतीला नीट टेकवून. शेजारी फ्रान्सिस चहा पीत होता.

“गेली वर,” तो म्हणाला.

“थांबली?”

“दुसऱ्या वळणावर थांबली. मी म्हटलं, वहिनी, येऊ का? तर बोलली, सायकल सांभाळ.”

“किती वेळ थांबली?”

“परब, मी काय घड्याळ लावून बसलो होतो? गेली ती.”

मी चौकात जाऊन वर पाहिले. तिसऱ्या मजल्यावर कठड्याशी ताईंची खुर्ची रिकामी होती. मागचे दार उघडे होते. पहिल्या मजल्यावरचे ते गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले, चौकात नजर फिरवली, वर पाहिले, मग माझ्याकडे.

“आज ताईंचा कार्यक्रम नाही वाटतं?”

“आहे,” मी म्हणालो. “आत चालू आहे.”

त्यांनी कान दिला. मीही दिला. कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, एका घरात कुकरची शिटी झाली. वरून काही ऐकू येत नव्हते.

“तू जात नाहीस वर?” फ्रान्सिसने विचारले.

“इतक्यात नाही,” मी म्हणालो, आणि आणखी दोन चहा सांगितले.